लघवीच्या कल्चरमध्ये 'मिक्स ग्रोथ' आलंय, औषध चालू करू का? मदत हवी आहे

माजलगावची_आई:
मुलीला परत लघवीचं इन्फेक्शन झालंय. कल्चरच्या (लघवीतले जंतू उगवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टवर मिक्स ग्रोथ, म्हणजे बऱ्याच जातींचे जंतू एकत्र, आणि खाली नमुना परत पाठवा एवढंच लिहून आलंय. मागच्या वेळचं अँटिबायोटिक सिरप घरात उरलंय, ते चालू करू का परत कल्चर होईपर्यंत थांबू? लेकरू लघवीला बसलं की रडायलंय आणि आमचे डॉक्टर रविवारपर्यंत बाहेरगावी. लवकर सांगा प्लीज.

गोदाकाठ:
ताई वय किती? ताप आहे का? किडनीचा आधी काही त्रास? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

परभणीकर:
उन्हाळी लागली असंल. ऊन काय कमी आहे का आपल्याकडं. सराट्याचा काढा, धन्याचं पाणी आणि दोन टाईम नारळपाणी द्या, आमच्या घरात आजीपासून हेच चालत आलंय.

माजलगावची_आई:
वय साडेचार, ताप काल रात्री 102. डाव्या किडनीत रिफ्लक्स आहे ग्रेड 4, एमसीयू (नळीतून औषध सोडून काढतात तो मूत्राशयाचा एक्स-रे), डीएमएसए (किडनीवरचे डाग दाखवणारा स्कॅन) सगळं संभाजीनगरला झालंय, किडनीवर एक डाग आहे म्हणाले. ते जुनंच आहे म्हणून लिहिलं नव्हतं. इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून रोज रात्री को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकचा छोटा डोस चालूच आहे. मला फक्त सिरपचं सांगा.

गोदाकाठ:
अहो हेच आधी सांगायचं! रिफ्लक्समध्ये लघवी खालून वर किडनीत चढते, अशा लेकराला 102 ताप म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय असंच धरून चालतात. उशीर झाला की नवीन डाग पडायची भीती. रविवारची वाट बघू नका, आजच बीड नाहीतर अंबाजोगाई गाठा. उरलेलं सिरप अजिबात नको, औषध पोटात गेलं की कल्चरमध्ये जंतू नीट उगवत नाही. आधी नमुना, मग लगेच औषध. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर अंदाजानं चालू करतात आणि रिपोर्ट आला की लागलं तर बदलतात.

लॅबवाला_जालना:
नमुना घेतला कसा आणि लॅबला कधी पोचला?

माजलगावची_आई:
डबी लॅबवाल्यानंच दिली होती, सकाळी घरीच धरली. यांनी कामावर जाता जाता दहाला नेऊन दिली.

लॅबवाला_जालना:
मग मिक्स ग्रोथ येणारच, एवढ्या गर्मीत कातडीवरचे जंतू डबीतच वाढतात. आधी साध्या पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून मधली डबीत धरा, झाकणाला आतून बोट लावू नका. तासाभरात पोचवा, जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फातून न्या. लेकरू बसतच नसेल तर दवाखान्यात नळी घालून घेतात.

नांदेडचा_बाबा:
नारळपाणी सांगणाऱ्यांनी जरा विचार करा, किडनी कमजोर असली तर त्यातलं पोटॅशियम अंगात साठतं आणि थेट हृदयावर येतं. आमच्या पोराला नेफ्रोटिक (लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येते तो किडनीचा आजार) आहे, स्टिरॉइडवर आहे, त्याला सूज आली की पाणीसुद्धा मोजून देतो. तुम्ही पण पाणी कमी करा.

गोदाकाठ:
तुमच्या पोराचं वेगळं हो. हिला सूज नाही तर पाणी कशाला तोडायचं, उलट दर दोन-तीन तासांनी लघवीला बसवायला पाहिजे. ताई, शी घट्ट होती का? पोट साफ नसलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि इन्फेक्शन परत परत येतं. शाळेत लघवी दाबून धरती का तेही विचारा, आपल्याकडच्या शाळांत पोरींनी जावं असे संडास असतात कुठं.

परभणीकर:
रोज अँटिबायोटिक द्यायलेत त्याचं कोणी बोलंना, माझ्या काढ्यावरच सगळे.

लॅबवाला_जालना:
त्यावर 2014 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आलाय, रिफ्लक्सची 607 लेकरं, दोन वर्षं. रोजच्या डोसनं इन्फेक्शन निम्म्यावर आलं पण नवीन डाग पडण्यात फरक नाही, आणि परत जे इन्फेक्शन झालं त्यात औषधाला दाद न देणारे जंतू जास्त. म्हणून डोस चालू असताना ताप आला हे डॉक्टरला पहिल्यांदा सांगा. स्वतःहून बंद मात्र करू नका.

औसा_लातूर:
फुले योजनेत बसतंय का बघा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दवाखान्यात आरोग्यमित्र असतो त्याला विचारा.

माजलगावची_आई:
निघतोय बीडला. तापाला काय देऊ गाडीत?

नांदेडचा_बाबा:
पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. आयब्युप्रोफेन असलेलं सिरप नको, किडनीला त्रास. एमसीयू, डीएमएसए, जुनी कल्चरं, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी), सगळी फाईल घ्या.

सेलूची_काकू:
माझा पुतण्या सात वर्षांचा आहे, अजून अंथरुणात लघवी करतो, त्याला पण हेच असंल का? वेगळा धागा काढू का इथंच विचारू?