मदत हवी आहे : कव्वालीत वर गेलं की आवाज फाटतो

खर्जातला
रविवारी कार्यक्रम आहे, कृपया लवकर सांगा. सूफी कवी बुल्लेशाहांची पंजाबी काफी (सूफी पद, राग नव्हे) बसवतोय, नुसरत फतेह अली खानांच्या ढंगाने. सुरुवात छान जाते. पुढे तार सप्तकात तीच ओळ परत परत घ्यायची, तिथे तिसऱ्या खेपेला आवाज फाटतो. ज्येष्ठमध, गुळण्या सगळं झालं.

पेटीवाला
पट्टी कोणती?

खर्जातला
रेकॉर्डिंगचीच.

पेटीवाला
का? गळा तुमचा, पट्टीही तुमचीच हवी. दोन सूर उतरवा.

चढासूर
अजिबात उतरवू नका. माइक नव्हते तेव्हापासून टाळ्या-ढोलकावरून शब्द पोचवायचा, म्हणून तो खुला, छातीतून लावलेला आवाज. त्यातली आर्तता खालच्या पट्टीत येणारच नाही.

पेटीवाला
चढा सूर म्हणजे आर्तता नव्हे. खानसाहेब वर जाण्याआधी तीच ओळ बोलल्यासारखी म्हणतात, दर वेळी वेगळ्या शब्दावर वजन टाकून. आधी ते उचला.

लुधियानाकर
उच्चार बघा. मी तिकडे नऊ वर्षं काढली. शब्दाच्या सुरुवातीचा घ, ध, भ पंजाबीत आपल्यासारखा हवा सोडून म्हणत नाहीत. ‘घर’ जवळपास ‘कर’सारखं येतं, सूर खाली दाबून. तुम्ही मराठी ‘घ’ ठोकत असाल तर श्वास तिथेच संपतो.

जुनीकॅसेट
खानसाहेबांचं घराणं मूळ जालंधरचं. फाळणीनंतर लायलपूरला गेलं, म्हणजे आजचं फैसलाबाद. 1971 साली काका मुबारक अली खान वारले आणि कव्वाल पार्टीची धुरा खानसाहेबांकडे आली. कव्वाल साबरी बंधूही ऐका, त्यांचा बाज निराळा.

खर्जातला
इतिहास नको हो, गळ्याचं सांगा.

अंतरा
मागे साथीला किती जण आहेत?

खर्जातला
कोणी नाही. ट्रॅकवर एकटाच गातो. त्याने काय फरक पडतो?

अंतरा
सगळा फरक त्यानेच पडतो! हे आधी सांगायला हवं होतं. मुख्य गायक ओळ वर नेऊन सोडतो, हमनवा, म्हणजे मागे साथ करणारे गायक, ती उचलतात, तेवढ्यात तो श्वास घेतो. तुम्ही पाच-सहा जणांचं काम एकट्या गळ्यावर घेतलंय. निदान दोघं तरी जमवा.

खर्जातला
काल शेजारच्या दोघांना बसवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी ओळ उचलली, मला श्वास मिळाला, चौथ्यांदा आवाज फाटला नाही. पट्टीही एक सूर उतरवली. पण एकाची टाळी सारखी पुढे पळते. रविवारपर्यंत ती कशी बांधू?