'दिस इज अमेरिका' : व्हिडिओ काढला तर उरतं काय?

टेप_अडकली
काल बऱ्याच दिवसांनी हे गाणं लावलं. चाइल्डिश गॅम्बिनोचं, म्हणजे अमेरिकी अभिनेता-रॅपर डोनाल्ड ग्लोव्हरचं. मोबाइल खिशात, हेडफोन कानात, हातात भांडी. गाणं कधी संपलं ते कळलंही नाही. मे २०१८ मध्ये आलं तेव्हा याचा व्हिडिओ सलग चारदा पाहिला होता मी!

तर माझं मत, शिव्या खायच्या तयारीने: गाणं म्हणून हे सुमार आहे. कमाल आहे ती व्हिडिओचा दिग्दर्शक हिरो मुराईची. तरी ग्रॅमीत साँग ऑफ द इयर आणि रेकॉर्ड ऑफ द इयर, हे दोन्ही मान रॅपला पहिल्यांदा मिळाले ते यालाच. उलट ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्हच्या १९८२ च्या 'द मेसेज' या रॅप गाण्यामध्ये नुसत्या शब्दांनी अख्खी वस्ती उभी राहते, डोळे मिटून ऐका.

खर्जातला
भांडी घासताना ऐकलंत, तिथेच घोळ झाला. सुरुवातीला गिटार, कोरस, उन्हात बसल्यासारखी चाल. मिनिटभराच्या आत ती कापली जाते आणि खालून बास येतो, पायाखालची फरशी काढल्यासारखा. व्हिडिओत पहिली गोळी नेमकी तिथे सुटते. पण तो सांधा गाण्यातच आहे, मुराईने फक्त तो ओळखला.

मागचे हुंकारही बघा, सगळे रॅपर: यंग थग, क्वेवो, २१ सॅव्हेज. त्या वर्षीचा चलनी आवाज मुद्दाम गोळा करून मुखवट्यासारखा लावलाय.

टेप_अडकली
'मुद्दाम' ही पळवाट झाली. मुद्दाम बेसूर गायलं तरी ते बेसूरच. गाण्यांची क्रमवारी लावणारं बिलबोर्ड तेव्हा, २०१३ पासूनच, यूट्यूबचे व्ह्यूजही मोजत होतं. पहिल्याच आठवड्यात पहिला नंबर आला तो कानांमुळे की डोळ्यांमुळे?

पायरीवर_बसलेली
तुम्ही दोघं सांधे मोजताय. मला तो कोरसचा प्रसंग आजही बघवत नाही. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. इथे व्हिडिओत ग्लोव्हर दारातून नाचत येतो, रायफल झेलतो, गाणाऱ्यांना आडवं करतो आणि पुढे चालू लागतो. त्यावर लोकांनी काय केलं? मधल्या शांततेचे सेकंद मोजले, 'लपलेले अर्थ' सांगणारे व्हिडिओ काढले. मेलेली माणसं म्हणजे कोडं झालं.

खर्जातला
लोकांच्या कोड्यांचा दोष त्याला कशाला? लाल फडका आठवा. गोळी झाडली की एक मुलगा फडका घेऊन येतो, बंदूक अलगद त्यात ठेवली जाते. पहिल्या वेळी तर शेजारूनच प्रेत फरफटत नेतात. कुणाला जपायचं आणि कुणाला नाही, हे त्या फडक्याने सांगितलं. एवढं कुठल्या कडव्यात बसणार?

टेप_अडकली
धन्यवाद. हे माझ्याच बाजूचं झालं!

खर्जातला
झालं खरं. जीभ घसरली.

पायरीवर_बसलेली
फडक्याचं मान्य. तरी माझी अडचण तशीच आहे. शेरी सिल्व्हरने बसवलेला नाच इतका देखणा आहे की मागची पळापळ मला दुसऱ्यांदा बघताना दिसली, तीही आवाज बंद केल्यावर. वर कठड्यावर तोंड बांधलेली मुलं मोबाइल धरून शूटिंग करतायत. 'प्रेक्षकाला पकडायचं हाच हेतू' असं म्हणाल. पकडली गेले, कबूल. पण त्यासाठी तो कोरसचा प्रसंग हवाच होता का?

खर्जातला
याला माझ्याकडे उत्तर नाही. टेप_अडकली, तुम्ही मात्र एक करा. शेवट फक्त ऐका. व्हिडिओत तो अंधारात डोळे फाडून धावतो तो भाग. ठेका विरत जातो आणि यंग थग जवळजवळ पुटपुटल्यासारखा गातो. तिथे मला चित्र लागत नाही.

टेप_अडकली
तिथपर्यंत काल नळ चालू होता. ऐकून सांगतो. 'सुमार' मात्र अजून मागे घेतलेलं नाही.