मदत हवी आहे : परेडची कमांड देताना आवाज फुटायलाय, १७ सप्टेंबर जवळ आला

नमस्कार सगळ्यांना. मी नववीला आहे, परभणी जिल्हा, एनसीसी ज्युनियर डिव्हिजनचं दुसरं वर्ष. दादाच्या मोबाईलवरून टाइप करायलो म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला तर समजून घ्या.

प्रॉब्लेम असाय की मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला आमच्या ट्रूपची परेड असती अन या वर्षी कमांडर मला केलंय. काहून तर उंची. दुसरं काहीच कारण नाही, आधीचा कमांडर शाळा सोडून गेला, सरांनी रांगेवरून नजर फिरवली अन ती माझ्यावर येऊन थांबली. अन नेमका याच उन्हाळ्यात माझा आवाज फुटलाय. बोलताना बरा असतो पण मोठ्यानं "परेऽऽड" म्हणलं की मधीच कोंबड्यासारखा वर जातो अन "सावधान" होईस्तोवर शेळीचा होतो. पहिल्या दिवशी पोरं सावधान व्हायची सोडून हासायली, दुसऱ्या दिवशी मी घाबरून "दक्ष!" म्हणलो (प्राथमिकची पीटी डोक्यातून जाईना, इथं सगळे हुकूम हिंदीत असतात), मग तर विचारूच नका.

त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे "थम". हा हुकूम ठरलेल्या पायावर द्यावा लागतो अन मला चालत्या रांगेतला पाय पकडताच येईना. परवा चुकीच्या पायावर थम म्हणलं तर पुढची ओळ थांबली, मागची त्यांच्यावर आदळली अन एकाची टोपी चिखलात, आत्ताच गरम पाण्यात भिजवून डोक्यावर बसवून शेप दिलेली नवी बेरेट होती बिचाऱ्याची. सर म्हणले, "एनसीसीचा कायदा १९४८ चा, आपला मराठवाडा मुक्त झाला १९४८ ला, अन तुम्हाला अजून डावा उजवा कळंना."

अजून एक. आमच्यात एक पोरगा डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढं नेतो. सांगितलं की जास्तच करतो. अकरा दिवस राहिलेत. काय करू? सरांना नाही म्हणायची हिंमत नाही अन खरं सांगायचं तर कमांडर व्हायचंबी आहे.

गोफणगुंडा : भावा मी लातूरकडचा, शाळेत ए सर्टिफिकेट केलं, आता कॉलेजात सिनियर डिव्हिजनला आहे. आवाज घशातून काढतोस म्हणून फुटतो. ज्वारी राखताना पाखरं हाकलायला आरोळी मारतो का नाही आपण, दिवसभर मारली तरी घसा बसत नाही, कारण ती पोटातून येती. तशी मार. अन वरच्या पट्टीत सुरू करूच नको, जितक्या खालून निघशील तितका फुटायला कमी जागा. पहिला शब्द लांबव, "दाहिनेऽऽऽ", मग थोडं थांब, मग "मुड" एकदम तोडून, काडी मोडल्यासारखं. लांबवायला सांगतेत ते शोभेसाठी नसतंय, तेवढ्यात पोरं तयार होतेत अन तू पाय बघतो.

तीन_पोरांची_आई : बाळा, रोज ओरडून ओरडून प्रॅक्टिस करू नको, घसा सुजेल. दोन दिवस कमी बोल, कोमट पाणी मीठ टाकून गुळण्या कर, फ्रीजचं पाणी बंद. माझ्या मोठ्याचा आवाज सहा महिने असाच होता, फोनवर लोक मलाच समजायचे.

रिटायर्ड पीटी सर : पाय पकडण्यासाठी त्यांच्याबरोबर स्वतःच्या जागेवर पाय हलव. मनात "बाएं-दाहिने-बाएं" चालू ठेव, बूट वाजतो तो कानानं घे, डोळ्यानं नको. तेज चलला मिनिटाला १२० पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला दोन, बघून मग ठरवायला वेळच नसतो. घरी भावाला अंगणात चालव अन थम म्हण. पन्नास वेळा चुकशील, मग बसेल.

त्या हातवाल्या पोराला चालताना टोकू नका. लक्ष हाताकडं गेलं की हात बिघडतो. त्याला "बिना बाजू हिलाए तेज चल" वर दोन दिवस नुसते पाय चालवू द्या, मग हळूच हात सोडायला लावा. तरी नाही जमलं तर मधल्या ओळीत आत ठेवा.

बिनसाखरेचा चहा : मी आठवीत असताना आमच्या कमांडरनं पीछे मुड म्हणायचं विसरलं आणि आम्ही शाळेच्या कंपाउंडपर्यंत गेलो, तिथं भिंतीसमोर कदमताल करत उभे. कुणी थांबायलाच सांगितलं नाही. तुझं बरं आहे की.

प्रश्न विचारणारा : सगळ्यांना थँक्यू. काका, भावाला अंगणात चालवलं, आजी म्हणली पोराला काय भूतबाधा झाली का. पण थम बसायलंय.

प्रश्न विचारणारा (१८ सप्टेंबर) : झालं एकदाचं! रात्री ब्रासोनं बेल्टचं बक्कल घासलं, बुटाला पॉलिश लावून ओल्या कापसानं गोल गोल फिरवत बसलो तर झोपायला साडेबारा. सकाळी पाऊस थोडा शिंपडून गेला, ग्राउंड चिकट झालतं. थम बरोबर पायावर आलं, तीनही वेळा, आवाज एकच आला बुटांचा, अंगावर काटाच आला माझ्या. हातवाला मधल्या ओळीत होता, त्याचा हात सुधरला का नाही मला दिसलंच नाही. आवाज शेवटपर्यंत टिकला अन अगदी "परेऽऽड विसर्जन" ला फुटला. पण तोपर्यंत जिलेबीचं टोपलं आलतं, सॅल्यूट टाकून सगळी पोरं तिकडं पळाली, हासायला कुणी थांबलंच नाही.