मदत हवी आहे: एसडब्ल्यूएमएममध्ये स्लॅब ड्रेन, हुम पाइप आणि नाला कसे भरायचे? मॉडेलमध्ये पाणी तुंबत नाही, गल्लीत गुडघाभर (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा सिव्हिल, सांगलीत एका छोट्या कन्सल्टंटकडे पाच वर्षं आहे. एस्टिमेट, आरसीसी, बिलं यात हात बसलाय. पावसाच्या पाण्याचं मॉडेल मात्र पहिल्यांदाच करतेय, आणि ते ऑफिसचं काम नाही, आमच्या गल्लीचं आहे.

घर शामरावनगरच्या बाजूला. भाग सपाट, खाली काळी माती. एक जोराचा वळीव झाला की तासाभरात रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यासाठी कृष्णेला पूर असावा लागत नाही. गेल्या जूनमध्ये शेजारच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून बाहेर काढलं. तेव्हा गल्लीनं ठरवलं की या वेळी अर्जात नुसतं "पाणी तुंबतं" लिहायचं नाही, आकडे जोडायचे. ते आकडे काढायचं मी अंगावर घेतलंय.

अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचं एसडब्ल्यूएमएम हे पावसाच्या निचऱ्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून तेच घेतलं. रविवारी ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून लेव्हली घेतल्या. शाळेच्या पायरीवर टीबीएम (तात्पुरती संदर्भ उंची) १००.००० धरला. पाणी जातं ते असं:

गल्लीतून ६०० मिमी हुम पाइप (काँक्रीटचा गोल पाइप), ८४ मीटर, एम३ चेंबरपर्यंत. बाकीच्या गल्ल्यांची गटारंही एम३ लाच मिळतात. तिथून स्लॅब ड्रेन, आतून रुंदी ०.९० आणि खोली १.०० मीटर, लांबी २१० मीटर, वर काढता येणाऱ्या फरशा. तो एम४ चेंबरमध्ये पडतो. एम४ पासून मोठ्या रस्त्याखालून ९०० मिमीचे दोन हुम पाइप शेजारी शेजारी, १२.५ मीटर. पुढे उघडा मातीचा नाला, ६४० मीटर, गवत आणि जलपर्णीनं भरलेला.

एम३ चा तळ ९७.८६०, एम४ चा तळ ९७.२००. पाणलोट ११ हेक्टर. पाऊस तासाला ४५ मिमी धरला. रनऑफ कोएफिशंट (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) ०.६ घेऊन रॅशनल मेथडनं (वाटा गुणिले पाऊस गुणिले क्षेत्र) एम३ ला ०.८२५ घनमीटर प्रतिसेकंद येतात, मॉडेलमध्येही साधारण तेवढेच येतात.

आता अडचण. मॉडेल चालवलं तर कुठेच फ्लडिंग नाही. स्लॅब ड्रेन दोन तृतीयांशही भरत नाही. हा आकडा अर्जाला जोडला तर आमचीच तक्रार खोटी ठरेल. चूक माझ्या कंड्यूट (मॉडेलमधला पाइप, ड्रेन किंवा नाल्याचा तुकडा) भरण्यात असणार हे कळतंय, पण कुठे ते सापडत नाही. म्हणून विचारते:

स्लॅब ड्रेनला शेप कुठला द्यायचा, रेक्ट ओपन (वरून उघडा चौकोन) की रेक्ट क्लोज्ड (बंद चौकोन)? मी ओपन दिलाय, कारण फरशा उचलता येतात. दोन पाइप शेजारी आहेत ते दोन वेगळे कंड्यूट काढायचे का? नाल्याला मी सरळ ट्रॅपेझॉइडल (समलंब) शेप देऊन टाकलंय, पण खरा नाला तसा नाही, चार ठिकाणी क्रॉस सेक्शन घेतलेत त्यांचं काय करू? ऑफसेट (चेंबरच्या तळापेक्षा कंड्यूटचा तळ किती वर) सगळीकडे शून्य ठेवलेत. रूटिंग (पाणी पुढे कसं सरकतं ते काढायची पद्धत) कायनेमॅटिक वेव्ह, कॉलेजच्या नोट्समध्ये तेच होतं. आउटफॉल (नाल्याचं शेवटचं तोंड) फ्री.

आणखी एक. सुरुवातीला युनिट सीएफएस (घनफूट प्रतिसेकंद) होतं, नंतर बदलून सीएमएस (घनमीटर प्रतिसेकंद) केलं. त्यानं काही बिघडलं असेल का?

हायड्रो_विश्रामबाग

आधी शेवटचं. युनिट बदललं की एसडब्ल्यूएमएम भरलेले आकडे बदलून देत नाही, तुम्ही लिहिलेला ०.९ तसाच राहतो. सीएफएसमध्ये त्याचा अर्थ फूट, सीएमएसमध्ये मीटर. म्हणजे आधी फुटात काही भरलं असेल तर ते आता मीटर म्हणून वाचलं जातंय. प्रत्येक कंड्यूट उघडून बघा. पाइपचा व्याससुद्धा मीटरमध्येच लागतो, ड्रॉइंगवरचा ६०० तसाच टाकायचा नाही, ०.६ टाकायचा.

लांबीही तपासा. ऑटो लेंग्थ चालू असेल आणि मागे लावलेला नकाशा स्केलला नसेल, तर रेघ जरा सरकवली तरी लांबी बदलते. ते बंद करून टेपनं मोजलेली लांबी हातानं भरा.

स्लॅब ड्रेनला रेक्ट क्लोज्ड. वर फरशी आहे म्हणजे ड्रेन पूर्ण भरल्यावर वरच्या फरशीशी पाण्याचं घर्षणही धरायला हवं आणि दाबही. फरशांच्या फटीतून पाणी वर येतं ते दाखवायचं असेल तर २१० मीटरचा एकच कंड्यूट ठेवू नका, जिथे जाळ्या आहेत तिथे जंक्शन (जोडबिंदू, म्हणजे नोड) देऊन तुकडे पाडा. पाणी बाहेर येतं ते नोडवरून, कंड्यूटच्या मधून नाही.

दोन पाइपांना एकच कंड्यूट, बॅरल्स (शेजारच्या सारख्या पाइपांची संख्या) २. दोन्हींचा व्यास आणि लेव्हल एकच असेल तरच हं.

रूटिंग मात्र आजच बदला. कायनेमॅटिक वेव्हला पुढचं पाणी मागे दाटतं हे कळतच नाही, पाणी उलटं वाहू शकतं हेही नाही. सांगलीसारख्या सपाट गावात त्याचा उपयोग नाही. डायनॅमिक वेव्ह घ्या. मग टाइम स्टेपही (किती सेकंदांनी हिशेब पुन्हा करायचा ते) लहान लागेल. तुमचा १२.५ मीटरचा तुकडा आखूड आहे. ९०० मिमीत लाटेचा वेग सेकंदाला जवळपास ३ मीटर, म्हणजे ती चार सेकंदांत पार होते. स्टेप ३० सेकंद ठेवलीत तर आकडे नाचतील. २ सेकंद ठेवा आणि कंटिन्युटी एरर (आलेल्या आणि गेलेल्या पाण्याच्या हिशेबातला फरक) बघा.

लेव्हल_बघणारा

ताई, मी मिरजेचा, ओव्हरसिअर म्हणून निवृत्त. सॉफ्टवेअर मला फारसं येत नाही, मुलगा चालवतो, मी शेजारी बसतो. पण तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. एम३ आणि एम४ च्या *चेंबरचे* तळ दिलेत. *ड्रेनचा* तळ एम४ ला किती आहे? चेंबरचा तळ आणि गटाराचा तळ एक असतोच असं नाही. रस्ता रुंद करताना हुम पाइप खाली टाकले असतील तर चेंबर खोल केलेलं असणार, आणि जुना ड्रेन वरच लटकत असणार. फरशी उचलून स्टाफ (लेव्हल घ्यायची मापाची काठी) ड्रेनच्या तळावर ठेवा, चेंबरमध्ये नको.

दुसरं, आत गाळ किती आहे? सळई खुपसून बघा. आपण ड्रॉइंगमधला ड्रेन मोजतो, पाणी मात्र गाळावरून जातं.

कृष्णाकाठची

काका, तुमचं वाचून सकाळी ऑफिसला जायच्या आधीच गेले. भावानं फरशी उचलली. एम४ जवळ ड्रेनचा तळ ९७.६५०. चेंबरच्या तळापेक्षा ४५ सेंटीमीटर वर! एम३ ला मात्र ड्रेन आणि चेंबर एकाच लेव्हलला आहेत. आणि गाळ तीन ठिकाणी बघितला, सगळीकडे ३० सेंटीमीटरच्या आसपास. ९७.८६० आणि ९७.६५० हे दोन्ही काँक्रीटच्या तळाचे आकडे, गाळाखालचे.

मग हे कसं भरायचं?

हायड्रो_विश्रामबाग

काकांनी नेमकं पकडलं. आकड्यांत मांडतो, कारण अर्जात हेच जाणार आहे.

ऑफसेट शून्य ठेवल्यामुळे मॉडेलनं ड्रेनची उतरण ९७.८६० ते ९७.२०० धरली. २१० मीटरला ६६ सेंटीमीटर, म्हणजे ०.३१ टक्के. खरी उतरण २१ सेंटीमीटर, ०.१० टक्के, हजारास एक. मॅनिंगचा एन (खडबडीतपणाचा आकडा) ०.०१५ धरला तर स्वच्छ ड्रेन पूर्ण भरून ०.७३ घनमीटर नेतो. तुमच्या मॉडेलमधल्या उतरणीवर तोच बंद ड्रेन १.२९ नेतो, तुमचा ओपन तर त्याहून जास्त नेत होता. येतंय ०.८२५, मग तुंबणार कसं?

आता गाळ. गोल पाइपात गाळ असेल तर फिल्ड सर्क्युलर नावाचा शेप आहे, त्यात व्यास आणि गाळाची उंची द्यायची, ऑफसेट तो स्वतःच वर घेतो. चौकोनी ड्रेनला तशी सोय नाही, हातानं करायचं: मॅक्स डेप्थ १.०० ऐवजी ०.७० आणि *दोन्ही* टोकांचे ऑफसेट ०.३० नं वर. एम३ ला ०.३०, एम४ ला ०.७५. खोली कमी केली आणि ऑफसेट विसरलात तर मॉडेलमध्ये गाळ खाली बसण्याऐवजी छत खाली येतं, ही चूक फार जण करतात. ऑफसेटचं सेटिंग डेप्थवर आहे की एलिव्हेशनवर तेही बघून घ्या. एलिव्हेशनवर असेल तर ९८.१६० आणि ९७.९५० असे आरएल (संदर्भापासूनच्या उंच्या) लिहावे लागतील.

एनही बदलेल. बाजू आणि वरची फरशी ०.०१५, खाली गाळाला ०.०२५ धरला तर सगळा मिळून ०.०१८ च्या आसपास येतो. त्यानं क्षमता ०.३७ घनमीटर. स्वच्छ ड्रेनच्या निम्मी.

हे सगळं रिपोर्टमध्ये आधीच दिसत होतं. लिंक समरीत उतरणीचा टक्का आणि क्रॉस सेक्शन समरीत फुल फ्लो असतो. कुठलंही मॉडेल चालवलं की आधी त्या दोन रकान्यांवर नजर टाकायची सवय लावून घ्या, कॅल्क्युलेटरवर एक कंड्यूट ताडून बघायचा.

एन कुठून घेतला ते अर्जात लिहा. केंद्राच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेचं पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं २०१९ चं मॅन्युअल आहे, अधिकाऱ्यांना ते माहीत असतं.

मातीकाम

नाल्याबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. इर्रेग्युलर (वेडावाकडा) शेप घ्या आणि चारही क्रॉस सेक्शनचे चार ट्रान्सेक्ट (आडव्या छेदातल्या अंतर-लेव्हलींची यादी) करा. एका कंड्यूटला एकच ट्रान्सेक्ट लागतो, त्यामुळे ६४० मीटरचे चार तुकडे. खालच्या दिशेला तोंड करून डावीकडून उजवीकडे अंतर आणि लेव्हल भरायची, डावा आणि उजवा काठ सांगायचा. पात्राला एक एन, काठाबाहेरच्या भागाला वेगळा. ट्रान्सेक्टमधल्या लेव्हलीवरून फक्त *आकार* घेतला जातो. नाल्याचा तळ किती खोल ते नोडच्या इन्व्हर्ट (तळाच्या लेव्हल) आणि ऑफसेटवरूनच ठरतं, म्हणून दोन्हीकडे तळ जुळतोय का बघा.

जलपर्णी असलेल्या नाल्याला ०.०२५ धरू नका. तो आकडा साफ केलेल्या, सरळ मातीच्या चराचा. पात्र दाट भरलं असेल तर ०.०५ च्याही वर जातो. पावसाळ्याच्या आधी साफ करून घेतला तर काय फरक पडेल, तेही याच मॉडेलमध्ये दुसरा रन घेऊन दाखवता येईल.

कृष्णाकाठची

भरलं. पण नाल्याच्या तिसऱ्या तुकड्याला "वॉर्निंग ०४, मिनिमम एलिव्हेशन ड्रॉप" येतंय. दोन्ही टोकांना लेव्हल एकच आहे, कुणीतरी मधेच मुरूम काढलाय आणि तिथे खड्डा झालाय. पाच सेंटीमीटर उतार देऊन टाकू का?

लेव्हल_बघणारा

नको ताई. जमीन जशी आहे तशी राहू द्या. त्या खड्ड्यात डिसेंबरपर्यंत पाणी असतं ना? मग मॉडेलमध्येही राहू दे. कागदावर उतार दिला की उद्या कुणी म्हणेल नाला ठीक आहे.

हायड्रो_विश्रामबाग

बरोबर. डायनॅमिक वेव्हला सपाट किंवा उलटा उतार चालतो. वॉर्निंग म्हणजे चूक नव्हे, तो नुसतं सांगतोय की सपाट दिसलं म्हणून अगदी किंचित उतार धरला.

आता आउटफॉल. फ्री ठेवलात तर नाल्याच्या तोंडाशी कायम मोकळी नदी आहे असं होतं. वळवाच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, ते चालेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या पावसानं कृष्णा चढते, सांगलीत ऊन असलं तरी चढते, आणि नाल्यांतून पाणी उलटं गावात येतं. २००५, २०१९, २०२१ सगळ्यांनी बघितलंय. म्हणून दोन रन वेगळे करा. एक फ्री आउटफॉल आणि वळीव. दुसरा आउटफॉल फिक्स्ड, नदीची पातळी देऊन, आणि मध्यम पाऊस. फ्लॅप गेट (पाणी उलटं आत येऊ न देणारं झडपेचं दार) बसवलं तर काय, तेही दुसऱ्या रनमध्ये बघता येईल. फक्त गेट बंद असताना आतलं पाणी कुठे जाणार, त्याचं उत्तर तयार ठेवा.

आणि तुमचा टीबीएम १००.००० मनानं धरलेला आहे. आयर्विन पुलावर ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका म्हणतात, तो त्या मापपट्टीचा आकडा, आरएल नाही. तो सरळ आउटफॉलमध्ये टाकता येणार नाही. आधी शाळेची पायरी समुद्रसपाटीच्या आरएलला बांधून घ्यावी लागेल, आणि मापपट्टीच्या शून्याचा आरएलही त्याच डेटमवर (मूळ संदर्भ पातळीवर) लागेल.

अजून एक, अलाउ पॉन्डिंग (पाणी वर साचू देणं) चालू करा आणि एम३ ला पॉन्डेड एरिया (साचण्याचं क्षेत्र) द्या. नाहीतर नोडमधून बाहेर पडलेलं पाणी मॉडेलमधून कायमचं गायब होतं. तुमच्या गल्लीत ते गायब होत नाही.

कृष्णाकाठची

रात्री साडेअकराला रन संपला. वळवाचा रन, फ्री आउटफॉल. सखल भाग टेपनं मोजला, साधारण ४,००० चौरस मीटर, तो एम३ ला पॉन्डेड एरिया म्हणून दिला. मॉडेलमध्ये रस्त्यावर ३९ सेंटीमीटर पाणी उभं राहतंय. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर जूनची खूण रस्त्यापासून ४२ वर आहे. आईला स्क्रीन दाखवली तर ती म्हणाली, "हां, एवढंच होतं."

मग गाळ काढलेला ड्रेन भरून पुन्हा चालवला: खोली १.००, एम४ चा ऑफसेट ०.४५. पाणी १० सेंटीमीटरच्या खाली आलं. पूर्ण जात नाही, पण आजींना उचलून न्यावं लागणार नाही. अर्जात पहिली मागणी गाळ काढण्याची, दुसरी नाला साफ करण्याची, आणि ड्रेन मोठा करायची त्यानंतर.

काका, पुराच्या रनसाठी लेव्हल बांधून घ्यायची आहे. माझ्याकडे ऑटो लेव्हल आणि स्टाफ आहे, जवळचा जीटीएस बेंचमार्क (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली सरकारी सर्वेक्षणाची खूण) कुठे सापडेल ते माहीत नाही.

लेव्हल_बघणारा

रेल्वे स्टेशनच्या बाजूला एक असायचा, अजून शाबूत आहे का ते उद्या जाऊन बघतो. असेल तर रविवारी सकाळी सातला निघू, ऊन चढलं की लेव्हलमध्ये स्टाफ थरथरतो. दोन माणसं जास्तीची आणा, शाळेपर्यंत जाऊन परत बेंचमार्कवर येऊन क्लोज करायचं (सुरुवातीची लेव्हल परत जुळते का बघायचं) आहे.