सायकल क्लबचं जुनं रेकॉर्ड कसं जपावं? (बडोदा)

दांडियाबाजारकर: मंडळी, आमच्या क्लबची जुनी कागदपत्रं एका सभासदाच्या घरी तळमजल्यावर ट्रंकेत पडून आहेत. मिटिंगांची इतिवृत्तं, सभासदांची रजिस्टरं, शर्यतींचे निकाल, पावागडच्या राईडचे फोटो, डभोईकडच्या रस्त्यांचे हातानं काढलेले नकाशे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा पाणी अगदी त्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं, तेव्हापासून मला चैन नाही. कमिटीत काहीजण म्हणतात स्कॅन करा आणि मूळ कागद रद्दीत द्या. मला पटत नाहीये. काय करू?

मांडवीवाली: रद्दीत अजिबात नको!! हार्ड डिस्क कधी उडेल सांगता येत नाही, आणि कागद नीट ठेवला तर आपल्या नातवंडांनाही वाचता येतो. आधी ट्रंक वरच्या मजल्यावर हलवा, आजच. मग टाचण्या, स्टेपल, रबरबँड हलक्या हातानं काढा, गंज कागद खातो. फाटलेल्याला सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर नकोच नको, ते परत सुटत नाही. फोटो चिकट पानांच्या अल्बमात असतील तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. कागद 300 डीपीआयवर (म्हणजे इंचाला इतके ठिपके), फोटो 600 वर, टिफ प्रकारच्या फाईलमध्ये. तीन प्रती ठेवा, त्यातली एक बडोद्याबाहेर कुणाकडे तरी.

दांडियाबाजारकर: ताई, वेखंड चालेल का? आजी पोथ्यांत ठेवायची.

मांडवीवाली: पुरचुंडी बांधून कपाटात ठेवा, कागदाला लागू देऊ नका. पण खरा शत्रू दमट हवा आहे, त्यानंच बुरशी आणि कसर येते, म्हणून लोखंडी कपाट, भिंतीपासून थोडं लांब, आणि पावसाळ्यानंतर उघडून बघायचंच. काही भिजलंच तर 48 तासांत बुरशी धरते, लगेच वाळवणं जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका.

जुना स्वार: एम. एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभाग आहे, 1952 पासूनचा, तिथे जाऊन विचारा, शिकणारी मुलं असतात, कदाचित मदतही मिळेल. पण माझं ऐकाल तर स्कॅनर नंतर. फोटोतली माणसं कोण हे सांगणारे आता ऐंशीच्या घरात आहेत, ती नावं गेली की फोटो नुसता चेहऱ्यांचा राहतो. प्रत्येकाकडे फोटो घेऊन जा, मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, कोण कुठे उभा, कुठल्या साली, सायकल कुणाची, सगळं विचारा.

दांडियाबाजारकर: काका, बरोबर बोललात. रविवारी दोघा जुन्या सभासदांकडे जातोय. नावं फोटोच्या मागे लिहू का?

जुना स्वार: लिही, पण बॉलपेननं नको. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. आणि वहीतही.