फॉस्फो-ईआरकेचा पट्टा पुसट का येतो?
वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रथिने वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) ईआरके या पेशीतील संदेशवाहक प्रथिनाचे एकूण ४२ आणि ४४ किलोडाल्टनचे पट्टे ठळक येतात, पण फॉस्फो-ईआरकेचे, म्हणजे त्याच्या फॉस्फेट जोडलेल्या रूपाचे, पुसट, म्हणून प्रतिपिंडच खराब असावे, हा आपला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. हे प्रतिपिंड ईआरके-१ मधील थ्रिओनिन २०२ व टायरोसिन २०४ ही अमिनो आम्ले आणि ईआरके-२ मधील समकक्ष जागा यांवर फॉस्फेट असेल तरच नीट चिकटते. त्यामुळे पेशी फोडताना बर्फ आणि फॉस्फेटेज रोखणारी सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट व सोडियम फ्लोराइड ही रसायने यांत कसूर झाली, तर पेशीतीलच फॉस्फेटेज विकरे ते फॉस्फेट काढून टाकतात. ब्लॉकिंगसाठी (प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून पटलाच्या मोकळ्या जागा झाकण्यासाठी) दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) वापरून पाहावे, कारण दुधातील केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. नवे प्रतिपिंड मागवण्याआधी ईजीएफ (ईआरकेला चालना देणारा वाढघटक) दिलेल्या आणि यू०१२६ या रसायनाने मेक (ईआरकेवर फॉस्फेट जोडणारे विकर) रोखलेल्या पेशींचे नमुने एकाच जेलवर शेजारी चालवावेत. पहिल्यात पट्टा उठून दिसला आणि दुसऱ्यात मावळला, तर दोष प्रतिपिंडात नाही.