‘माय फेअर लेडी’ : उसन्या आवाजाचा बोल एकट्या हेपबर्न यांनाच का?

गवाक्ष (प्रश्न)

रंगभूमीवरच्या संगीतिकांचे हॉलिवूडने केलेले चित्रपट ओळीने पाहताना १९६४ सालच्या ‘माय फेअर लेडी’पाशी अडलो आहे. ॲलन जे लर्नर यांची पदे आणि फ्रेडरिक लोव यांचे संगीत असलेली ही संगीतिका मार्च १९५६ मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आली, तेव्हा एलायझाची, म्हणजे शुद्ध बोलणे शिकणाऱ्या फुलवालीची, भूमिका ज्यूली अँड्र्यूज करीत. दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर यांच्या चित्रपटात ती ऑड्री हेपबर्न यांच्याकडे गेली आणि त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी गायली. चित्रपटाने आठ ऑस्कर पटकावले, हेपबर्न यांना मात्र साधे नामांकनही नाही. त्यामागे उसना आवाज होता, असे नेहमी वाचनात येते.

हे मला पटत नाही. लताबाई-आशाबाईंच्या गाण्यांवर ओठ हलवणाऱ्या नायिकांना आपण कधी बोल लावला नाही, हे सोडून देऊ. पण खुद्द हॉलिवूडलाही त्याचे वावडे नव्हते. याच निक्सन १९५६ च्या ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर यांच्यासाठी आणि १९६१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुड यांच्यासाठी गायल्या होत्या, आणि कर यांना त्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. मग हेपबर्न यांनीच कुणाचे काय घोडे मारले होते? जाणकारांनी सांगावे.

पिटातला (उत्तर)

उसना आवाज कुणाच्या जागेवर येऊन बसला, ते पाहिले की आपले कोडे बरेचसे सुटते. मूळ नाट्यनिर्मितीला सीबीएस या प्रसारण कंपनीने पैसा पुरवला होता आणि गाण्यांची ध्वनिमुद्रिका त्यांच्याच कोलंबिया रेकॉर्ड्सने काढली. ती अफाट खपली. न्यूयॉर्कमध्ये २,७१७ प्रयोग झाले खरे, पण ज्यांनी त्यातला एकही पाहिला नाही अशा लाखो घरांत एलायझाचा आवाज म्हणजे अँड्र्यूज यांचा आवाज, हे समीकरण चित्रपट येण्याआधी आठ वर्षे पक्के झाले होते.

वॉर्नर ब्रदर्सचे प्रमुख जॅक वॉर्नर यांनी चित्रपटाच्या हक्कांसाठी ५५ लाख डॉलर मोजले होते आणि अँड्र्यूज यांनी तोवर एकाही चित्रपटात काम केले नव्हते, त्यामुळे वॉर्नर यांना तिकीटबारीवर चालणारे नाव हवे होते. व्यापारी म्हणून त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. तसे त्यांनी एलायझाला शिकवणाऱ्या प्रोफेसर हिगिन्ससाठी आधी कॅरी ग्रँट यांना आणि तिचा बाप डूलिटल याच्यासाठी जेम्स कॅग्नी यांनाही विचारले होते. पण दोघांनी नकार दिल्यामुळे रेक्स हॅरिसन आणि स्टॅन्ली हॉलोवे हे रंगमंचावरचे मूळ नट पडद्यावर आले. परिणामी सगळा संच जुना आणि नेमकी नायिका तेवढी बदललेली, असे चित्र उभे राहिले. डिस्नेने त्याच वर्षी अँड्र्यूज यांना ‘मेरी पॉपिन्स’मध्ये आणले आणि अभिनयाचे ऑस्कर त्यांनाच मिळाले. गोल्डन ग्लोब स्वीकारताना त्यांनी हसत हसत वॉर्नर यांचे आभार मानले, ही चिमटा काढण्याची रीत मला फार आवडते. हॅरिसन यांना ऑस्कर दिले गेले ते हेपबर्न यांच्याच हस्ते.

ध्वनिफीत (उत्तर)

वरील इतिहास मान्य. पण चित्रपट पाहताना कानाला जे खटकते, त्याचे कारण खुद्द ध्वनिमुद्रणात आहे. एरवी गाणे आधी मुद्रित करायचे, चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवायचे आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे, ही पद्धत होती. आपले गाणे अर्धे बोलण्यासारखे असून ते दोनदा एकसारखे होत नाही, असे सांगून हॅरिसन यांनी हे साफ नाकारले. मग त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवला गेला, गाणी कॅमेऱ्यासमोरच म्हटली गेली आणि संगीत-संचालक आंद्रे प्रेविन यांना वाद्यवृंद मागाहून त्यांच्या लयीशी जुळवून घ्यावा लागला. ध्वनिमुद्रणाचे ऑस्करही या चित्रपटाला मिळाले.

त्यामुळे एकाच दिवाणखान्यात हिगिन्सचा श्वास, अडखळ, चढलेला पारा सगळे जागच्या जागी ऐकू येते, आणि एलायझा गाऊ लागली की आवाज एकदम स्टुडिओच्या बंद खोलीतून येतो. ‘जस्ट यू वेट’ हे गाणे कान देऊन ऐकावे. त्याची सुरुवात हेपबर्न यांच्या स्वतःच्या खरखरीत, चिडलेल्या आवाजात आहे. मध्ये राजाची कल्पना रंगवताना सूर वर चढतो तिथे निक्सन येतात, आणि त्या जोडाच्या जागी रस्त्यावरची फुलवाली नाहीशी होऊन एक शिकलेली गायिका उभी राहते. ‘द किंग अँड आय’मध्ये असा सांधा सहसा जाणवत नाही, कारण तिथे कर आणि निक्सन यांनी गाण्यांची तालीम एकत्र केली होती, आणि शेजारी राजाचा आवाजही असा जागेवर मुद्रित केलेला नव्हता.

गवाक्ष

दोघांचेही आभार. मग हेपबर्न यांचाच आवाज ठेवला असता तर चित्रपट सुधारला असता का? ‘फनी फेस’मध्ये तर त्या स्वतः गायल्या होत्या.

विंगेतली (उत्तर)

अर्धाच सुधारला असता, असे मला वाटते. त्यांनी गाणी मुद्रित केली होती आणि त्यांतली काही आज ऐकायला मिळतात. ‘वुडन्ट इट बी लव्हर्ली’ त्यांच्या आवाजात बारीक आणि किंचित घोगरे वाटते, पण कोबीच्या ढिगाशेजारी शेकत बसलेल्या मुलीला तेच शोभते. ‘आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट’चे तसे नाही. ते अँड्र्यूज यांच्या उंच पट्टीच्या गळ्यासाठी बांधलेले आहे आणि त्याचा सगळा आनंद शेवटच्या चढत्या सुरात आहे. पट्टी खाली आणली असती तर गाणे बसले असते, हर्ष गेला असता.

पुलंनी ‘ती फुलराणी’ करताना संगीतिकेची गाणी न घेता ती ज्यावर बेतली आहे त्या बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचाच आधार धरला, त्यामुळे हा पेच त्यांच्यापुढे आला नाही. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत भक्ती बर्वे यांनी बोलूनच गाजवले.

मला खरी तक्रार करायची आहे ती क्यूकर यांच्याबद्दल. त्यांनी नाटकाला इतके जपले की ॲस्कॉटच्या शर्यतीत सेसिल बीटन यांचे काळे-पांढरे पोशाख चित्रासारखे उभे राहतात आणि घोडे क्षणभर धडधडत जातात, एवढेच. रंगमंचावर घोडे दिसत नाहीत. नुसत्या माना फिरतात, आणि हसू येते ते त्या माना फिरण्याचेच. तरीही शेवटच्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन. हिगिन्स फोनोग्राफवर एलायझाचे जुने, अशुद्ध बोलणे ऐकत बसला आहे; ती मागून येते, यंत्र बंद करते आणि पुढचे वाक्य त्याच उच्चारात स्वतः म्हणते. तिथे दोन्ही आवाज हेपबर्न यांचेच आहेत, आणि त्या जागेला नामांकन द्यायला कुणाची हरकत असायला नको होती.